लेकीच्या बुटाचे काटे

आमच्या युसूफ वडगावात बर्फ बघायचा तो गोळेवाल्याच्या गाडीवर! पण लेक उत्तरकाशीला गिर्यारोहण शिकायला निघाली. सासूबाई म्हणाल्या, “पोरीला कशाला धाडतीस बाई?” मी म्हटलं, “पुण्याची कृष्णा पाटील २००९ साली, १९ व्या वर्षी एव्हरेस्ट चढली.”

भीती मलाही आहेच. म्हणून क्रॅम्पॉनची, म्हणजे बुटाखाली बांधायच्या काट्यांची, नीट माहिती घेतली. कठीण बर्फाला काटे पोलादीच हवेत. अ‍ॅल्युमिनियमचे लवकर बोथट होतात. बुटाचा तळ ताठ असावा. काटे बसवून, पट्टे न आवळता बूट हलवावा; गळाले तर माप चुकलं. चालताना पाय थोडे फाकून टाकावेत, नाहीतर काटे विजारीत अडकतात.

थंडीत मोजे काढायची सोय नाही, म्हणून हातमोजे घालूनच तिच्याकडून पट्टे दहादा बांधून घेतले. काळजी काही सुटत नाही. पट्टा मात्र सैल राहू नये.