राणीछाप रुपयाचा भाव

आमच्या सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. लक्ष्मीपूजनाला तांदळाच्या राशीवर त्या दरवर्षी एक साधा रुपया ठेवतात आणि ठेवताना क्षणभर थांबतात. लग्नात त्यांच्या आईने त्यांना पाच राणीछाप रुपये दिले होते. 1972 च्या दुष्काळात पाचही सोनाराकडे गेले. ही गोष्ट त्यांनी मला माझ्या लग्नानंतर पंधरा वर्षांनी, शेंगा फोडता फोडता, एकदाच सांगितली.

2024 च्या दिवाळीआधी मोबाईलवर मला तसाच एक रुपया दिसला. ‘1862 चा, अतिदुर्मिळ, एकच शिल्लक’! किंमत 3,500 रुपये. ह्यांना विचारले असते तर ‘बघू’ म्हणाले असते आणि ‘बघू’चा अर्थ तुम्हांला सांगायला नको. दुधाच्या पैशांतून बाजूला टाकलेले होते, ते देऊन मोकळी झाले.

चार दिवसांनी डबी हातात आली आणि मग अक्कल आली. हा खरा कशावरून? आणि खरा असला तरी 3,500 चा आहे का? नाणेघाट आमच्याच जुन्नर तालुक्यात. तिथला तो दगडी रांजण जकातीचा म्हणून सगळे दाखवतात. अशा तालुक्यातली मी, आणि मला एक नाणे पारखता येऊ नये!

आधी फ्रिजवरचे लोहचुंबक लावून पाहिले. चिकटले नाही. पण चांदीला चुंबक लागत नाही तसे पितळेलाही लागत नाही, तेव्हा एवढ्यावर निभावणारे नव्हते. भाजीपाल्याच्या निमित्ताने आळेफाट्याला गेले आणि सराफाच्या काट्यावर रुपया ठेवला. 11 ग्रॅम 480 मिली भरला. राणीछाप रुपया मुळात एक तोळ्याचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा. दीडशे वर्षे हातोहात फिरलेला रुपया इतपत झिजणारच.

मग सराफांनी काट्यावर पाण्याची वाटी ठेवली, आकडा शून्यावर आणला आणि दोऱ्याला बांधलेला रुपया पाण्यात लोंबता धरला. रुपया बुडालेला हवा, पण वाटीला टेकता कामा नये. काट्याने 1.11 ग्रॅम दाखवले. रुपयाच्या वजनाला ह्या आकड्याने भागायचे. उत्तर साडेदहाच्या किंचित खाली, दहा पूर्णांक तीन दशांशच्या जवळपास आले, की चांदी ठीक. पितळ किंवा जर्मन सिल्व्हर असते तर उत्तर साडेआठच्या आसपास आले असते. माझे 10.34 आले. जीव भांड्यात पडला!

तो पुढच्या हिशेबाने पुन्हा बाहेर आला. ह्या रुपयात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी आणि एक भाग तांबे. म्हणजे माझ्या रुपयात निव्वळ चांदी साडेदहा ग्रॅम. तेव्हा चांदी किलोला लाखाच्या आसपास होती, म्हणजे ग्रॅमला 100 रुपये. झाले 1,050!

“पण तो 1862 चा आहे ना?” मी हट्टाने म्हटले. सराफ हसले. त्या रुपयावर 1862 हे साल 1874 पर्यंत तसेच ठेवून टांकसाळीने भरमसाट नाणी पाडली होती. साल जुने म्हणून नाणे दुर्मिळ होत नाही. झिजलेल्या, सर्रास मिळणाऱ्या रुपयाला चांदीच्या भावावर थोडे जास्त, इतकेच. मोबाईलवर लिहिलेली किंमत ही मागणाऱ्याची इच्छा असते. तसाच रुपया प्रत्यक्षात कितीला विकला गेला, ते पाहायचे. शिवाय 1940 पासूनच्या जॉर्जछाप रुपयात चांदी निम्मीच, आणि 1947 चे तर निकेलचे. राजाचे तोंड पाहून भुलू नये.

वसुबारसेला आत्यांच्या हातात डबी दिली. त्यांनी रुपया फरशीवर टाकला. खण्णकन वाजला. “खरा आहे गं!” म्हणाल्या आणि लगेच चिंच आणायला उठल्या. मी हात धरला. घासूनपुसून लख्ख केलेल्या जुन्या नाण्याचा भाव उतरतो, हेही आळेफाट्यालाच कळले होते.

“कितीला घेतलास?”

माझ्या तोंडून निघून गेले, “बाराशे.”

“मग आणखी दोन मागव. भाऊबिजेला दोघी लेकींना एकेक होईल.”

दोन दिवस मला फराळ गोड लागेना. शेवटी चकल्या तळताना सांगून टाकले: 3,500 दिले, चांदी 1,050 ची आहे, फार तर 1,500 पर्यंत ठीक होते, बाकीची माझी घाई.

आत्या झारा हलवत राहिल्या. “बाराशेच्या वस्तूला कोणी आळेफाट्यापर्यंत वजन करायला नेत नाही,” त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, “माझे पाच गेले तेव्हा सोनाराने चांदीचेसुद्धा पुरते दिले नाहीत. घरात दाणा नव्हता, हे त्याला ठाऊक होते. तुला हवाच होता, हे तुझ्या त्या माणसाला कळले असणार. गरज आपली असली की भाव दुसरा ठरवतो, बाई.”

नणंदांना साड्याच घेतल्या. रुपया लक्ष्मीच्या पाटावर बसला. पूजा झाल्यावर डबीत मी एक चिठ्ठी ठेवली: वजन 11.48 ग्रॅम, चांदीची किंमत 1,050, दिले 3,500. आत्यांनी ती वाचायला लावली आणि म्हणाल्या, “खाली लिही, माझे पाच होते.”

तेही लिहिले.