एकाकी वृक्ष

केपटाऊनला टेबल पर्वताच्या पायथ्याशी १९१३ साली स्थापन झालेले कर्स्टनबॉशचे उद्यान गतवर्षी मामंजींसमवेत पाहिले. आपल्या देशीची वनस्पतीच जोपासावी, हा त्या उद्यानाचा मूळ हेतू. झाडांच्या सान्निध्यात झिंबाब्वेच्या शिल्पकारांच्या पाषाणमूर्ती मांडल्या होत्या. मी त्यांत रमले. मामंजी मात्र जाळीआड राखलेल्या एका ताडासारख्या झाडापाशी थबकले. १८९५ साली झुलूलँडच्या अरण्यात या जातीचा नरवृक्ष तेवढा सापडला. मादी अद्याप कोणास आढळलेली नाही. आजची सारी झाडे त्याच्याच फुटव्यांची!

“सूनबाई, जोडीदारीण नाही, तरी किती जपतात याला!” मामंजी हळूच म्हणाले.

परसातील बकुळ उजेडासाठी तोडावी, असा माझा हट्ट होता. ती सासूबाईंनी लाविलेली. घरी परतल्यावर मी तिच्याभोवती आळे केले.