अर्धं शटर

अंबाजोगाईत आमचं किराणा दुकान आहे. वडिलांच्या काळात दाराशेजारी ‘रविवार बंद’ अशी पाटी असे. १९४८ च्या मुंबई दुकाने व संस्था अधिनियमाप्रमाणे आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवावंच लागे आणि त्यापोटी नोकराचा पगार कापता येत नसे. शनिवारी रात्री साखर-चहापत्तीसाठी झुंबड उडायची. ज्याचं राहून जाई, त्याच्याकडे शेजारून वाटीभर साखर यायची.

रविवारी आई सकाळीच धपाटे करायची. शेंगदाण्याची चटणी, दही घेऊन आम्ही मुकुंदराजांच्या समाधीला जायचो. एरवी गल्ल्यावरून न उठणारे वडील त्या दिवशी आमच्या पंगतीत निवांत जेवायचे.

दुकान माझ्या हाती आलं आणि मी हा दिवस तोट्यात धरायला लागलो. रविवारी शटर गुडघ्याइतकंच वर ठेवायचो. गिऱ्हाईकानं हाक मारली की कामावरचा पोरगा वाकून खालून पुडा द्यायचा, पैसे घ्यायचा आणि पुन्हा आत जायचा. उजेड बाहेर दिसू नये म्हणून मी त्याला दिवाही लावू देत नव्हतो. मिरच्यांच्या पोत्याशेजारी तो अंधारात खोकत बसायचा. जादा पैसे दिले नाहीत. रविवारी काम कमीच असतं, अशी मनाची समजूत घातली.

१९ डिसेंबर २०१७ पासून नवा कायदा लागू झाला. वर्षाचे ३६५ दिवस दुकान उघडं ठेवायची मुभा मिळाली. कामगाराला आठवड्याची सुटी त्यातही सक्तीचीच होती, पण दहा किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे. माझ्याकडे एकच पोरगा. मी शटर पूर्ण उघडलं आणि उरलीसुरली टोचणीही गेली. आज सगळ्यात जास्त लाज वाटते ती याचीच. त्याच्या बहिणीला बघायला पाहुणे यायचे होते, तेव्हाही ‘दुपारनंतर जा’ म्हणालो. तो घरी पोचला तोवर पाहुणे उठून गेले होते.

नारायण मेघाजी लोखंड्यांनी झगडून १० जून १८९० ला गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली, हे मला ठाऊक होतं. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्यांचं एक म्हणणं होतं. आमचं कुलदैवत खंडोबाच, तरी मी माझ्या दुकानातल्या एका पोराचा रविवार खाल्ला. घरचाही खाल्ला. माझ्या मुलीनं मुकुंदराजांची समाधी पहिल्यांदा पाहिली ती शाळेच्या सहलीत.

तो पोरगा पुढे पुण्याला कामाला गेला. त्याचे ते दिवस मला भरून देता येणार नाहीत. आता रविवारी दुकान बंद असतं; बुडालेली बरीचशी विक्री सोमवारी सकाळी होऊन जाते. माझ्यासारख्या लहान दुकानदारांना एवढंच सांगणं आहे: कायदा विचारायला येणार नाही, तरी तुमच्याकडच्या पोराला आठवड्यातला एक दिवस भरपगारी द्या.