एकवीस पूर्ण व्हायच्या आत

मावशीचा फोन आला तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी हिंजवडीच्या ऑफिसात मशीनमधला तो गोडमिट्ट चहा पीत होतो. तिने थेट विचारलं, "तू ते मेडिकेडचंच काम करतोस ना रे?"

तीन वर्षांत नातेवाइकांपैकी कोणी माझ्या कामाबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न.

मेडिकेड म्हणजे अमेरिकेतल्या कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी आरोग्यविमा. खर्च केंद्र आणि राज्य मिळून उचलतात. मी कधीही न पाहिलेल्या एका राज्याच्या क्लेम सिस्टिममध्ये मी नियम लिहितो: अमुक वय, अमुक कोड, तर पैसे द्या, नाहीतर नाकारा. मावशी दुसऱ्या राज्यात राहते. काका गेल्यापासून ती एका दुकानात तासावर काम करते, त्यामुळे ती आणि माझी मावसबहीण, दोघीही मेडिकेडवर.

बहीण हॉस्पिटलमध्ये होती. पोटॅशियम खाली गेलेलं, नाडी मंद. निदान अ‍ॅनोरेक्सिया. (वजनाचे आकडे मी इथे लिहिणार नाही. असे आकडे वाचून स्पर्धा करणारी माणसं असतात, हे मला तिनेच नंतर सांगितलं.) गेल्या गणपतीत तिकडच्या मराठी मंडळातला तिचा साडीतला फोटो फॅमिली ग्रुपवर आला होता. "किती बारीक झालीस, मस्त!" असं सगळ्या आत्या-माम्यांनी लिहिलं. मी आगीचा इमोजी टाकला होता. तो अजून तिथेच आहे.

हॉस्पिटलच्या बिलाचा प्रश्नच नव्हता, मेडिकेडने ते निमूट भरलं. पण डॉक्टर म्हणत होते, आता रेसिडेन्शिअल सेंटरला पाठवा. तिथे काही आठवडे राहायचं, दिवसातून पाच-सहा वेळा कोणाच्या तरी समोर बसून खायचं, जेवल्यावर एकटीने बाथरूमला जायचं नाही, रोज थेरपी.

मी पहिला प्रश्न विचारला, "तिचा वाढदिवस कधी असतो गं?"

"एकोणीस दिवसांनी. का रे?"

कारण तो नियम मला पाठ होता. दीड वर्षापूर्वी मीच त्याच्या टेस्ट केसेस लिहिल्या होत्या. १९६५मध्ये मेडिकेड सुरू झालं तेव्हा मनोरुग्णालयं ही राज्यांची जबाबदारी मानली जायची आणि तो खर्च केंद्राला अंगावर घ्यायचा नव्हता. म्हणून अट आली, आणि १९८८मध्ये तिच्यात आकडा बसला: मानसिक आजारांसाठीच्या संस्थेत १६पेक्षा जास्त खाटा असतील, तर २१ ते ६४ वयाच्या माणसासाठी केंद्राचा पैसा नाही. एकविशीच्या आतल्यांसाठी १९७२पासून अपवाद आहे. २०१६पासून विमा कंपनीमार्फत महिन्यात पंधरा दिवसांपर्यंतची एक वाट आहे, काही राज्यांनी सवलतीही मिळवल्यात. पण पंधरा दिवसांत या आजाराचं काय होणार!

त्या अपवादालाही एक शेपूट आहे. एकविसाव्या वाढदिवसाआधी दाखल झालेला पेशंट गरज असेल तर बाविसाव्या वाढदिवसापर्यंत राहू शकतो. वाढदिवसानंतर आला, तर नाही. माझी टेस्ट केस क्रमांक चौदा नेमकी हीच होती. हिरवी झाली तेव्हा मी मित्राला टाळी दिली होती.

पुढचे दिवस मी दोन शिफ्ट केल्या. एक कंपनीची, एक मावशीची. ती सेंटरना फोन लावायची, मी म्यूटवर ऐकत टिपून घ्यायचो. बहुतेकांचं पहिलंच वाक्य, "आम्ही मेडिकेड घेत नाही." शेवटी शेजारच्या राज्यातलं एक सेंटर सापडलं. लागणारी मान्यता त्यांच्याकडे होती आणि सिंगल केस अ‍ॅग्रीमेंट करायला ते तयार होते, म्हणजे फक्त या एका पेशंटपुरता विमा कंपनीशी करार.

राज्याच्या वतीने मेडिकेड चालवणाऱ्या कंपनीने नकार दिला. वजन स्थिर आहे, आधी बाहेरून उपचार करून पाहा, म्हणे. वजन हॉस्पिटलने स्थिर केलं होतं!

तातडीच्या अपिलाला ७२ तासांत उत्तर द्यावं लागतं. पत्राचा मसुदा मी केला: एकविशीखालच्या पेशंटला वैद्यकीयदृष्ट्या गरजेचा उपचार राज्याच्या यादीत नसला तरी द्यावा लागतो, ही १९८९पासूनची तरतूद. डॉक्टरांनी त्यात आपलं दीड पान जोडलं. कायदा शोधणं मला सोपं गेलं. अवघड होता तो व्हिडिओ कॉल.

"बघ दादा," बहीण म्हणाली, "त्यांनाही वाटत नाही मी आजारी आहे. तिकडे खरंच आजारी मुली असतात. मी तेवढी बारीक नाहीये."

नकाराचं पत्र तिने जपून ठेवलं होतं. तिच्या डोक्यात जो आवाज रोज बोलत होता, त्याला आता लेटरहेड मिळालं होतं. असे नकार कोडच्या एका ओळीत मी रोज लिहितो. आमच्याकडे त्याला डिनायल रीझन म्हणतात, चार-पाच अक्षरांत मावतं. ते कोण वाचतं, असा विचार मी कधी केला नव्हता.

ती सज्ञान. सही तिचीच लागणार होती. मी म्हणालो, "सही कर, मग मला हव्या तेवढ्या शिव्या दे." तिने दोन दिवसांनी केली. शिव्याही दिल्या, इंग्रजीत.

अपील मंजूर झालं. वाढदिवसाच्या तीन दिवस आधी ती दाखल झाली.

मधे एका रात्री मी माझ्या ऑफिसची पॉलिसी उघडून पाहिली. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे आपल्याकडेही विम्याने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं असतं, आणि पॉलिसीत तसं लिहिलेलंही आहे. पण अ‍ॅडमिट म्हणजे हॉस्पिटलात. महिनाभर कुठेतरी राहून पुन्हा जेवायला शिकणं कुठल्या रकान्यात बसतं, हे एचआरला विचारलं. तिने "डाएटिशियन कव्हर नाही" असं उत्तर पाठवलं.

मंजुरी एका वेळी सात दिवसांची मिळते. दर आठवड्याला सेंटर कागद पाठवतं, कंपनी पुढचे सात दिवस द्यायचे की नाही ते ठरवते. सुधारणा दिसली नाही तर उपयोग नाही म्हणतील, जास्त दिसली तर गरज नाही म्हणतील. मावशी म्हणते, "पोरगी थोडी बरी होऊ दे, पण फार नको, असं देवाला कसं सांगू?"

बुधवारी पाचवा रिव्ह्यू आहे. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. मी अलार्म लावलाय.