उजवीकडचा हरण्या

श्रावण सरत आला की लातूरच्या गंजगोलाईत मातीचे बैल उतरतात. सोळा रस्ते जिथं एकत्र येतात त्या गोलाईच्या कडेनं, पोत्यांवर आणि हातगाड्यांवर, जोड्या मांडलेल्या असतात. पांढरं अंग, निळी नाहीतर लाल शिंगं, पाठीवर रंगवलेली झूल, कपाळावर टिकली. मला हे बैल मनापासून आवडतात. साच्यातून निघालेले असले तरी त्यांचे डोळे हातानं काढलेले असतात आणि रंगवणाऱ्याचा हात बदलला की नजर बदलते. ज्यांच्या दावणीला आता बैल उरला नाही, त्यांच्या पाटावर पोळ्याचा मान हेच बैल घेतात.

माझ्या मित्राच्या घरीही काही वर्षांपासून अशीच जोडी येते. तो नांदेड जिल्ह्यातला, कंधार तालुक्यातला. एका पोळ्याला मी त्याच्याकडे होतो. पुरणपोळीचा नैवेद्य दाखवून झाला, सगळे उठले, आणि त्याची माय पाटाकडे बघत म्हणाली, "आपला हरण्या काय पांढरा होता का रे?" कुणी काही बोललं नाही. मित्र पाटाजवळचं निरांजन उगाच सारखं करत राहिला. मी शाळेत चित्रकला शिकवतो, लहानपणापासून मातीत हात आहेत. मायच्या त्या प्रश्नाचं उत्तर मातीतच द्यायचं, हे मी तिथंच ठरवलं आणि मित्राला कळू दिलं नाही.

हरण्या लाल कंधारी होता. कंधार हे गाव राष्ट्रकूटांच्या काळापासून नावाजलेलं. तिथं क्षेत्रपालाच्या अजस्र मूर्तीचे अवशेष सापडले, तिथला किल्ला बघायला लोक येतात. पण आमच्या भागातल्या शेतकऱ्याला कंधार म्हटलं की आधी बैल आठवतो. मध्यम बांधा, लांब लोंबते कान, काळ्या कडांचे डोळे, सारख्या वळणाची शिंगं. रंग फिकट तांबड्यापासून काळपट तपकिरीपर्यंत, आणि नराचा रंग मादीपेक्षा गडद. माझं गाव देवणीकडचं, लातूर जिल्ह्यातलं. आमची देवणी जात काळ्यापांढऱ्या अंगाची. तिच्यात वानेरा, बालंक्या आणि शेवेरा असे तीन प्रकार. वानेराचं अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजू काळ्या, शेवेराच्या अंगभर काळे ठिपके. देवणी थोर की कंधारी, हा वाद मित्रात आणि माझ्यात कॉलेजपासून चालत आलेला. मी देवणीच्या देखणेपणावर बोलायचो, तो कंधारीच्या चिवटपणावर. कमी चाऱ्यावर, रणरणत्या उन्हात, काळ्या रानात दिवसभर चालणारा बैल दाखव म्हणायचा. आता इतक्या वर्षांनी मी त्याच्या बाजूचा बैल घडवणार होतो. मला ते फार बरं वाटलं.

त्याच्या दावणीची जोडी हरण्या आणि माणक्या. माळेगावच्या यात्रेत घेतलेली. लोहा तालुक्यातल्या या खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवं, उंट, बैल सगळं येतं आणि आमच्या दोन्ही जिल्ह्यांतल्या कितीतरी दावणी तिथूनच भरतात. २०१६ च्या दुष्काळात ती जोडी गेली. त्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे देशानं टीव्हीवर पाहिलं. खेड्यातल्या दावणीवर त्या उन्हाळ्यात काय चाललं होतं ते तितकं कुणी पाहिलं नाही. कडबा संपला, हौद कोरडा पडला, आणि एका बाजारच्या दिवशी मित्र दोन्ही कासरे हातात घेऊन निघाला. संध्याकाळी नुसते कासरे घेऊन परत आला. त्याबद्दल तो माझ्याशी कधीच बोलला नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

आता घडवायचा तर हरण्याच घडवायचा, कुठलाही तांबडा बैल नव्हे. फोटो मागवला. वहिनींनी घरभर शोधून एकच पाठवला, आणि तोही पोळ्याचा. पाठीवर आरशांची झूल, कपाळावर बाशिंग, गळ्यात घागरमाळा, शिंगांना बेगड, वर गोंडे. एवढ्या साजाखाली बैल कुठं दिसतच नव्हता. दिसत होते चार पाय आणि नाकपुड्या. आपण जनावराचा फोटो काढतो तो त्याला पुरता झाकून टाकल्यावर, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

मग विचारत गेलो. मित्र रानात गेलेला असताना फोन करायचा. माय म्हणाली, उजव्या कानाची कड फाटलेली होती, वासरू असताना बाभळीत अडकून. वहिनी म्हणाल्या, कपाळावर दोन शिंगांच्या मधे केसांचा भोवरा होता, तिथं खाजवलं की डोळे मिटायचा. गळ्याची पोळी फार लोंबती नव्हती. शेपटीचा गोंडा काळा आणि शेवटी थोडा भुरा. शिंगांवर मात्र घरात भांडण लागलं. माय म्हणे डावं शिंग जरा आत वळलेलं, वहिनी म्हणत ते माणक्याचं. दोघी आपापल्या ठिकाणी ठाम. शेवटी त्यांच्याकडे पूर्वी सालगडी असलेल्या तात्यांना गाठलं. तात्यांनी शिंगांचा निकाल मायच्या बाजूनं दिला आणि मग ते जे बोलले ते मला दुसऱ्या कुणाकडूनच मिळालं नव्हतं. "हरण्या उजवीकडचा. सदा उजवीकडंच जुपलेला. म्हणून मान डावीकडं. गोठ्यात एकटा हुबा असला तरी मान जराशी डावीकडंच." जोडीतला बैल आपली बाजू सोडत नाही, हे शेतात वाढलेल्या मला ठाऊक होतं. पण ती बाजू जू काढल्यावरही अंगात राहते, हे तात्यांनीच पाहिलेलं. ते त्याच्या मागून वर्षानुवर्षं औतावर चालले होते.

माती मित्राच्याच रानातली हवी होती. वहिनींनी युरियाच्या रिकाम्या पोत्यात भरून लातूरच्या बसवर दिली. आमची काळी माती कापसाला, तुरीला, सोयाबीनला सोनं, पण मूर्तीला अवघड. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात रानाला पाय अडकतील अशा भेगा पडतात त्या यामुळंच. तिचा नुसता बैल केला तर वाळतानाच पोट फाटणार. म्हणून ओळखीच्या एका कुंभारकाकांकडे गेलो. त्यांनी माती चिमटीत घेतली, थुंकी लावून बोटांत मळली आणि तळ्याचा गाळ, घोड्याची चाळलेली लीद आणि राख किती घालायची ते सांगितलं. भिजवून, तुडवून, खडे वेचून ती भाकरीच्या पिठासारखी हाताला चिकटेनाशी झाली, तेव्हा कुठं त्यांनी हात लावू दिला. आणि एक अट घातली. पोट पोकळ पाहिजे. भरीव अंग आव्यात फुटतं, कारण आतली ओल वाफ होऊन बाहेर पडायला वाट शोधते.

ही अट ऐकली आणि मला तेरचं संग्रहालय आठवलं. तेर आता धाराशिव जिल्ह्यात, लातूरपासून लांब नाही. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीतून, नदीकाठातून वर्षानुवर्षं वेचलेल्या वस्तूंवर ते उभं राहिलं. सातवाहनकाळातल्या मातीच्या लहान लहान मूर्ती तिथं आहेत. त्यांतल्या कितीतरी दोन साच्यांत पुढचा आणि मागचा भाग वेगळा दाबून, मग जोडून केलेल्या, आतून पोकळ. मी मुलांची सहल घेऊन गेलो की त्यांना मूर्तीची बाजू आधी दाखवतो, जोड जिथं दिसतो ती. दोन हजार वर्षांपूर्वी कुणाच्या तरी अंगठ्यानं दाबून बुजवलेली ती रेघ चेहऱ्यांपेक्षाही मला जवळची वाटते. मी साचा केला नाही. एकाच बैलासाठी साचा कशाला? वाळल्या गवताची पेंडी घट्ट बांधली, तिच्याभोवती पोट आणि पाठ उभी केली, आणि पोटाखाली एक छिद्र ठेवलं. गवत आव्यात जळून जातं, पोकळी राहते, वाफ छिद्रातून निघते.

मातीचा बैल आपल्या मुलखात किती जुना आहे, हे इनामगावानं सांगितलं. पुणे जिल्ह्यातल्या या गावी १९६८ पासून झालेल्या उत्खननात तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची एक मातीची लांबट पेटी मिळाली. तिच्याबरोबर मातीची एक स्त्री आणि एक बैल. बैलाच्या पाठीला भोक आणि स्त्रीच्या पोटाशी भोक, म्हणजे मधे काडी घालून तिला बैलावर बसवता येई. ती काडी केव्हाच कुजून गेली, पण भोकांवरून दोघांचं नातं अभ्यासकांना कळलं. मला या शोधात सगळ्यात मोलाची वाटते ती ही दोन भोकं.

पाय जाड ठेवले आणि माती थोडी आवळल्यावर तासले. वशिंड वेगळं करून पातळ कालवलेल्या मातीनं बसवलं. कानाची कड नखानं फाडली, एकदाच, पुन्हा हात लावला नाही. कपाळावरचा भोवरा बाभळीच्या काट्यानं काढला. सर्वांत जास्त वेळ गेला तो खांद्यावर. जू जिथं बसतं तिथं, वशिंडाच्या पुढं, कातडीला घट्टा पडतो. केस झिजतात, कातडं जाड आणि गुळगुळीत होतं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणीला तूप-हळद चोळतात ती याच जागेवर. हा घट्टा नुसता उंचवटा नसतो. कडेला जरा सुरकुतलेला, मधे सपाट, आणि जोताची दोरी जिकडून जाते तिकडे एक बारीक खाच. माझ्या एका मामाच्या बैलाच्या खांद्यावर मी हात फिरवून आलो, डोळे मिटून, आणि मग घरी येऊन तो अंगठ्यानं उतरवला. मान डावीकडे वळवली, तात्यांनी सांगितली तेवढीच.

ओल्या गोणपाटाखाली सावलीत सावकाश वाळवला. काकांच्या आव्यात गाडगी-मडक्यांच्या मधे जागा मिळाली, गोवऱ्या आणि तुराट्यांच्या जाळावर. रंग मी लावणारच नव्हतो. आमची माती काळ्या दगडातून झिजून झालेली, तिच्यात लोह भरपूर. मोकळी हवा मिळाली की जाळ तिला तांबडी करतो, धुरात कोंडली की ती काळी पडते. आवा उघडला तेव्हा हरण्या तांबडा होऊन बाहेर आला होता, आणि वशिंड, मान आणि मांड्यांवर धुराची काळपट झाक होती. लाल कंधारीचा नरही असाच गडद असतो. काकांनी त्याला टिचकी मारली, खणखणीत वाजला. "नेमका," म्हणाले.

द्यायचा तो येळवशीला, हे ठरलेलं. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर-नांदेडकडची गावं रानात जातात. कडब्याची कोप उभी राहते, तिच्यात पांडव मांडतात, गाडग्यात आंबील, सोबत भज्जी आणि उंडे. ज्याला शेत नाही त्याला शेत असलेला आग्रहानं नेतो. मित्राचं बोलावणं मला दरवर्षी असतंच. आदल्या दिवशी, वद्य चतुर्दशीला, माळेगावची यात्रा सुरू होते, त्यामुळं अमावस्येच्या सकाळी लातूरहून निघालेली बस माळेगावजवळ गर्दीत रेंगाळली. आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला हरण्या मांडीवर घेऊन, ज्या यात्रेतून तो आला होता ती यात्रा मी खिडकीतून बघत होतो.

कोपीत पूजा झाल्यावर लुगडं सोडलं. मित्रानं आधी हात धुतले आणि धोतराला पुसले. मग बैल घेतला. कानावर बोट फिरवलं. भोवऱ्यावर फिरवलं. अंगठा खांद्यावर गेला आणि घट्ट्यावर थांबला. खूप वेळ तो काही बोलला नाही. माय म्हणाली, "कान बराबर हाय." तात्याही आले होते, ते नुसते मान हलवत होते. मग मित्रानं बैल पांडवांशेजारी ठेवला, मागं सरून बघितला, पुन्हा जवळ गेला आणि त्याच्या डाव्या अंगाला रिकाम्या मातीवर हात ठेवला.

"हिथं माणक्या पायजे बा," म्हणाला. "ह्यो एकटा कामून हुबा ऱ्हाईल?"

त्या दुपारी, आंबील पीत, तो पहिल्यांदा त्या बाजारच्या दिवसाबद्दल बोलला. ते त्याचं आहे, ते इथं लिहीत नाही.

माणक्याची माती आता भिजत पडली आहे. त्याचा एकही फोटो घरात नाही, सजवलेलाही नाही. त्याच्या शिंगांवर माय, वहिनी, तात्या आणि आता मित्र अशा चौघांचे चार निकाल आहेत, आणि मी सगळे लिहून घेतले आहेत. ज्यांच्या दावणीला अजून बैल उभा आहे त्यांना माझी विनंती आहे. येत्या पोळ्याला नदीवर अंग धुऊन झालं की, झूल आणि बाशिंग चढवण्याआधी, त्याचे फोटो काढून ठेवा. एक डावीकडून, एक उजवीकडून आणि एक खांद्याचा, जवळून. कुठला बैल कुठल्या बाजूचा, तेही मागं लिहून ठेवा.