एक इंजेक्शन ठोका ना!

"डॉक्टर, एक स्ट्राँगसं इंजेक्शन ठोका ना! सोमवारी रिव्ह्यू आहे."

हे वाक्य मी आजवर किती वेळा म्हटलंय, त्याचा हिशेब नाही. पुण्यात ते खपूनही जातं. विसरवाडीत मात्र समोरच्या डॉक्टर मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "कशासाठी?"

विसरवाडी म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर तालुक्यातलं, सुरत-धुळे हायवेवरचं गाव. ऑफिसमधल्या मैत्रिणीचं घर तिथे. लाँग वीकेंड, कोंडाईबारीचा घाट, काकूंच्या हातची तुरीची डाळ... प्लॅन एकदम झक्कास होता. पण दुसऱ्याच सकाळी घसा धरला, नाक वाहायला लागलं, आवाज बसला आणि ताप १०१. मैत्रिणीने थेट सरकारी दवाखान्यात नेऊन बसवलं.

बाकावर शेजारी एक आई आठ-नऊ वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. त्यालाही ताप. नंबर माझा आधीचा, पण नर्सताईंनी त्याचं कार्ड पाहिलं आणि त्यालाच आत घेतलं. मी मनातल्या मनात चरफडले. खोटं कशाला बोलू?

कार्ड सिकलसेलचं होतं. या पट्ट्यातल्या आदिवासी कुटुंबांत हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि हळूहळू प्लीहा निकामी होत जाते. प्लीहा म्हणजे रक्तातले जंतू अडवणारी चाळणी. तीच नसली, की साधा वाटणारा ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो. म्हणून अशा मुलाला ताप आला, की रिपोर्टची वाट न बघता अँटिबायोटिक इंजेक्शन सुरू करतात. बरेचदा ते असतं सेफ्ट्रायअ‍ॅक्झोन.

पडदा अर्धा उघडा होता. मॅडम त्या आईला विचारत होत्या, "ताई, हे इंजेक्शन याला आधी दिलंय? तेव्हा अंगावर गांध्या उठल्या होत्या? लघवी लाल झाली होती?" घाई होती, तरी प्रश्न चुकले नाहीत. (क्वचित हे औषध रक्तपेशीच फोडतं, आणि सिकलसेलच्या मुलांमध्ये ते फार महागात पडतं. म्हणून तो लघवीचा प्रश्न, हे मला नंतर कळलं.) मग नर्सताईंनी बाटलीवरचं नाव आणि तारीख वाचली, पांढऱ्या पावडरीत पाणी घालून ती विरघळवली आणि सलाइनच्या बाटल्यांतली एक मुद्दाम बाजूला सारली. ती रिंगर लॅक्टेटची होती. तिच्यात कॅल्शियम असतं. हे औषध त्यात मिसळलं की त्याचे बारीक कण तयार होतात. तान्ह्या बाळांच्या बाबतीत तर हे जीवघेणं ठरलंय. अमेरिकेच्या एफडीएने २००७ मध्ये त्यावर इशारा दिला होता. अजून एक गोष्ट, कमरेत टोचताना दुखू नये म्हणून हे औषध लिग्नोकेनमध्ये कालवतात. ते मिश्रण शिरेत कधीही द्यायचं नसतं.

आणि मी याला 'ठोका' म्हणत होते!

माझा नंबर आला. मॅडमनी घसा पाहिला, छाती तपासली. "सर्दी आहे, आवाज बसलाय. व्हायरल वाटतंय. अँटिबायोटिक बॅक्टेरियावर चालतं, व्हायरसवर नाही."

"पण मागच्या वर्षी त्यानेच बरं वाटलं होतं!"

"व्हायरल तसंही चार-पाच दिवसांत उतरतं. कोणतं इंजेक्शन होतं?"

"नाव नाही आठवत. पांढरी पावडर होती."

"नंतर काही त्रास?"

आणि मला आठवलं. घरी आल्यावर तळहात खाजायला लागले होते, मानेवर गांध्या आल्या होत्या. मी दोष दिला रात्रीच्या कोळंबीला. हे मी हसत हसत सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत.

"पुढच्या वेळी नुसती खाज सुटेल असं नाही. श्वास अडकू शकतो, बीपी कोसळू शकतं. तेव्हा लगेच मांडीत अ‍ॅड्रिनलिन द्यावं लागतं. टेस्ट डोसला काही झालं नाही म्हणजे निर्धास्त, असंही नसतं. म्हणून इंजेक्शन दवाखान्यातच घ्यायचं आणि नंतर अर्धा तास तिथेच बसायचं."

माझ्या पोटात गोळा आला. कारण आमच्या सोसायटीजवळ घरी येऊन इंजेक्शन देणारे एक काका आहेत. मी पुण्यात असते, तर त्या सकाळी त्यांनाच फोन केला असता.

परत आल्यावर फोनमधले जुने फोटो चाळले. औषधाच्या बिलाचा फोटो सापडला. सेफ्ट्रायअ‍ॅक्झोन! आता ते नाव आणि 'गांध्या उठल्या' एवढं लिहिलेला कागद पाकिटात असतो. पेनिसिलिन हे या औषधाचं नात्यातलं, त्यामुळे तेही देण्याआधी डॉक्टरांना हा कागद दाखवायचा.

गंमत बघा, मी रोज पिंपरीवरून ऑफिसला जाते. १९५४ मध्ये स्थापन झालेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स तिथलीच. पेनिसिलिन देशात बनावं म्हणून तो कारखाना उभा राहिला, आणि आपण ही औषधं चणे-फुटाण्यासारखी मागतो! चुकीचा वापर केला तर जंतू निर्ढावतील, हे पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल भाषणातच बजावलं होतं. आपल्याकडे सेफ्ट्रायअ‍ॅक्झोन २०१४ पासून शेड्युल एच-१ मध्ये आहे. चिठ्ठीशिवाय विकायचं नाही आणि केमिस्टने प्रत्येक विक्रीची नोंद ठेवायची. नियम आहे, पण 'ओळखीचा केमिस्ट' आपणच शोधतो ना?

सोमवारचा रिव्ह्यू मी वाफ, पॅरासिटामॉल आणि बेडकासारख्या आवाजावर निभावला. बॉस म्हणाला, "बरं झालं, आज कमी बोललीस."

त्याच संध्याकाळी मैत्रिणीला काकूंचा फोन आला. त्या मुलाचा ताप उतरला होता. त्याच्या कार्डामुळे त्याला इंजेक्शन वेळेत मिळालं. माझ्या पाकिटातल्या कागदामुळे मला तेच मिळणार नाही.

दोघांचंही भलं त्यातच आहे.