शंभराचं पेट्रोल

आमच्याकडे पंपावर लिटरमध्ये पेट्रोल मागणारा माणूस क्वचितच दिसतो. 'शंभरचं टाक', 'दोनशेचं टाक' हीच भाषा. रोजंदारीवाला, भाजीवाला, शिक्षणसेवक, कॉलेजची पोरं सगळे असंच बोलतात. खिशात जेवढे पैसे तेवढंच पेट्रोल, आणि जेवढं पेट्रोल तेवढंच जग.

या शंभराच्या नोटेचा हिशेब मी एकदा मांडून पाहिला. २०१६ मध्ये पेट्रोल सत्तरच्या आगेमागे होतं. पन्नासचं अ‍ॅव्हरेज देणाऱ्या मोटारसायकलवर शंभरच्या पेट्रोलात सत्तर किलोमीटर व्हायचे. नांदेडहून निघालेला माणूस कसाबसा अहमदपूरला पोचायचा. एप्रिल २०२२ मध्ये भाव एकशेवीसच्या पुढे गेला आणि तीच नोट एक्केचाळीस किलोमीटरवर संपू लागली. म्हणजे लोहा ओलांडायचा आणि माळेगावच्या अलीकडे गाडी ढकलत न्यायची. रस्ता तोच, उलट तुळजापूर-नागपूर महामार्ग झाल्यापासून जास्त रुंद आणि गुळगुळीत. पण नोटेसाठी अहमदपूर लांब गेलं.

पेट्रोल महागलं की वर्तमानपत्रात मुंबई-दिल्लीचे भाव छापून येतात. महाराष्ट्रातला सगळ्यात चढा भाव मात्र अनेकदा आमच्या शेजारच्या परभणीत असतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये परभणीत पॉवर पेट्रोल शंभरावर गेलं. त्याच वर्षी मे महिन्यात साधंही गेलं, आणि मुंबईची शंभरी त्यानंतर झाली. कारण सोपं आहे. परभणीच्या पंपांवर टँकर येतात ते मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून, तीनशे किलोमीटरहून लांबून. ते भाडं लिटरमागे ग्राहकाच्या माथी बसतं. नांदेड परभणीच्याही सत्तर किलोमीटर पुढे. आपल्याकडे मागासलेपणाच्या अनुशेषावर अहवाल निघतात, समित्या बसतात. पंपावरचा आकडा हाही एक अहवालच आहे. जो भाग लांब, तिथे उत्पन्न कमी आणि लांब असण्याचा दंड जास्त.

दुष्काळाचीही एक गोष्ट आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये राज्य सरकारने दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये वाढवले. दुष्काळ आमचाच होता, नाकारून चालणार नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं ते साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. त्या वेळी दोन रुपयांची तक्रार करायला तोंड नव्हतं. पण २०१६ चा पावसाळा बरा झाला, नद्या वाहिल्या, आणि अधिभार काही त्या पाण्याबरोबर वाहून गेला नाही. २०१७ च्या उन्हाळ्यात तो आणखी वाढला. पुढे कोरोनात जगभर कच्चं तेल मातीमोल झालं, तेव्हा केंद्राने मार्च आणि मे २०२० मध्ये मिळून पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क तेरा रुपयांनी आणि डिझेलवरचं सोळा रुपयांनी वाढवलं. राज्याचा व्हॅट टक्केवारीत, त्यामुळे मूळ किंमत वाढली की तो आपोआप फुगतो. तेल स्वस्त झालं तेव्हा फायदा तिजोरीला, महाग झालं तेव्हा तोटा शंभराच्या नोटेला, असा हा व्यवहार.

मी शिक्षक आहे. माझी शाळा कंधारकडच्या एका गावात, घरापासून पस्तीस किलोमीटरवर. मराठवाड्यात या जगण्याला एक नाव आहे, 'अप-डाऊन'. मुख्यालयी राहत नाही म्हणून शिक्षकांना नावं ठेवणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं काही चूकही नाही. पण घरी म्हातारी आई, मुलांच्या शाळा शहरात, तेव्हा माणूस अप-डाऊन करतो. रोजचे सत्तर किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे पस्तीस लिटर. सत्तरच्या भावाने साडेचोवीसशे रुपये, एकशेवीसच्या भावाने बेचाळीसशे. मला पगार आहे, मी कुरकुरत का होईना भरले. माझ्या मागच्या सीटवर बसून येणारा तरुण शिक्षणसेवक होता. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला २०२३ पर्यंत महिन्याला सहा हजार रुपये मानधन होतं. तो माझ्यासोबत पेट्रोलचे निम्मे पैसे द्यायचा, म्हणजे एकवीसशे. उरलेल्या एकोणचाळीसशेत तो काय खायचा आणि घरी काय पाठवायचा, हे मी कधी विचारलं नाही. तो मात्र गाडीवरून उतरताना रोज 'थँक यू, सर' म्हणायचा, आणि मला कसंनुसं व्हायचं.

त्याहून मोठं नुकसान झालं ते आमच्या वर्गात. ऑक्टोबर २०२१ मध्ये ग्रामीण भागातल्या शाळा उघडल्या. पोरं पुन्हा बाकावर दिसली. महिना संपता संपता एसटीचा संप सुरू झाला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. कर्मचाऱ्यांचं दुःख खरं होतं, पगार तुटपुंजे होते, अनेकांनी आत्महत्या केल्या. मी त्यांच्या विरोधात बोलणार नाही. पण गावोगावच्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पास फुकट असतो, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची ती योजना आहे. बसच नाही तर पास कशाला दाखवणार? काळी-पिवळीवाल्यांनी भाडं वाढवलं. डिझेलही शंभराच्या घरात होतं, त्यामुळे त्यांनाही दोष देता येईना. मुलगे सायकलवर आले, कुणाच्या तरी गाडीवर तिब्बल सीट आले, दुधाच्या टेम्पोत आले. मुली घरी राहिल्या.

माझ्या वर्गात शेजारच्या वस्तीवरची एक मुलगी होती. गणितात चांगली. तिचा बाप गवंड्याच्या हाताखाली काम करायचा. काही दिवस त्याने तिला मोटारसायकलवर आणून सोडलं. मग एक दिवस आड, मग आठवड्यातून दोनदा. एकदा तो म्हणाला, "सर, हिला सोडून मी कामावर जातो, दुपारी परत न्यायला येतो. दोन खेपांचं पेट्रोल आणि अर्ध्या दिवसाची हजेरी. मुलगा असता तर म्हटलं असतं, जा चालत." त्याच्या बोलण्यात मुलीबद्दल आकस नव्हता, नुसता हिशेब होता. ती दहावीला बसली, पासही झाली. अकरावीला तिचं नाव कुठल्याच कॉलेजात नव्हतं. मुली शाळा का सोडतात यावर आमच्या समाजात पुष्कळ भाषणं होतात. कुणी धर्माला बोल लावतं, कुणी मोबाइलला, कुणी आईबापाच्या अडाणीपणाला. त्यात डिझेलचा दर कुणी धरत नाही. गावापासून हायस्कूल किती किलोमीटर आणि तिथवर न्यायला कोण, हा प्रश्न मला त्या सगळ्या कारणांच्या आधीचा वाटतो.

घरात गॅसने वेगळा हिशेब मांडला. मे २०२० मध्ये मुंबईत घरगुती सिलिंडर ५७९ रुपयांना होता. दोन वर्षांनी, मे २०२२ मध्ये, तो हजाराच्या पुढे गेला. खात्यात जमा होणारी सबसिडी मधल्या काळात कधी थांबली ते कळलंच नाही. आमच्या भागात ज्यांना उज्ज्वलाची शेगडी मिळाली होती, त्यांच्या घरात ती पाहुणे आल्यावर पेटू लागली. एरवी पुन्हा चूल. गावाकडे तुरीच्या तुराट्या आणि कापसाच्या पऱ्हाट्या तरी असतात. शहरातल्या गल्लीत त्या कुठून आणणार? सॉ-मिलचा भुसा, पॅकिंगच्या फळ्या, मिळेल ते.

२०२२ चा रमजान नेमका याच महागाईत आला. उत्तर प्रदेशाच्या निवडणुका होईपर्यंत चार-साडेचार महिने थिजलेले भाव २२ मार्चला हलले आणि मग जवळजवळ रोज ऐंशी पैशांनी चढत गेले. ३ एप्रिलला पहिला रोजा. आमचे दुल्हेभाई लातूरला गंजगोलाईजवळ गाड्यावर फळं विकतात. रमजान हा त्यांचा हंगाम. टरबूज, खरबूज, केळी, सगळं टेम्पोने येणार आणि टेम्पोचं भाडं दर आठवड्याला नवं. ते सांगत होते, गिऱ्हाईक येतं, भाव विचारतं आणि अख्ख्या टरबुजाऐवजी फोड मागतं. त्या वर्षी त्यांनी टरबूज चिरून विकलं. त्यांचा मोठा मुलगा तिथेच नीटच्या क्लासला. लातूर पॅटर्नच्या नावाने बाहेरगावाहून आलेल्या त्याच्या मित्रांच्या मेसचे दर वाढले, कारण व्यावसायिक सिलिंडर नोव्हेंबर २०२१ मध्येच दिल्लीत दोन हजारावर गेला होता. मेसवाल्याने दर वाढवला आणि पोळ्याही मोजून द्यायला सुरुवात केली. रात्रीचं जेवायला यातली दोन पोरं आमच्या आपाकडे येत. आपा वाढायची. पोळ्या मोजायची तिला सवय नाही.

करमणुकीची गोष्ट सांगायला संकोच वाटतो, कारण पोटाच्या प्रश्नापुढे पाळण्याचं काय घेऊन बसलात, असं कुणी म्हणेल. पण आमच्याकडे मोठे अम्यूझमेंट पार्क नाहीत. आमची मौजमजा म्हणजे माळेगावच्या खंडोबाची जत्रा, कंधारचा उरूस, लातूरला महाशिवरात्रीची सिद्धेश्वराची यात्रा. माळेगावला घोडे, गाढवं, उंट बघायला आम्ही लहानपणी अब्बांसोबत जायचो. आकाशपाळणा, ब्रेकडान्स, मौत का कुआँ. जत्रा हिंदूंची की उरूस मुसलमानांचा, हा प्रश्न पाळण्याच्या रांगेत कुणी विचारत नसे.

या सगळ्या करमणुकीचं पोट तेलावर. पाळणा जनरेटरवर फिरतो, जनरेटर डिझेलवर चालतो. मौतच्या विहिरीत फिरणारी मोटारसायकल पेट्रोल पिते. एका जत्रेहून दुसऱ्या जत्रेला लोखंड वाहून नेणारे ट्रक आहेत. कोरोनात दोन वर्षं जत्रा बंद राहिल्या, तेव्हा या लोकांनी काय खाल्लं कुणास ठाऊक. जत्रा पुन्हा भरू लागल्यावर मी मुलांना घेऊन गेलो. तीस रुपयांचं तिकीट साठ झालेलं. मी पाळणेवाल्याला म्हटलं, "एकदम दुप्पट?" तो म्हणाला, "सर, पाळणा वर जातो तो डिझेलवर. फुकट येतो तो फक्त खाली." मी दोन तिकिटं काढली. बाजूला एक बाई तीन लेकरांना घेऊन उभी होती. तिने एकच तिकीट काढलं, धाकट्याला बसवलं आणि थोरल्या दोघांना म्हणाली, "तुम्ही बघा, बघायला पैसे नाही लागत."

शाळेच्या सहलीचंही तसंच. पूर्वी आमच्या शाळेची सहल हैदराबादला जायची. चारमिनार, सालारजंग, एखाद्या वर्षी रामोजी फिल्म सिटी. एसटी सहलीला निम्मं भाडं घेते, तरी वर्गणीचा आकडा इतका वाढला की निम्मा वर्गही तयार होईना. मग आम्ही कंधारचा किल्ला दाखवला. किल्ला सुंदरच आहे, पण त्या पोरांनी तो आधी शंभरदा पाहिलेला होता.

पुढे भाव थोडे उतरले. केंद्राने नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये शुल्क कमी केलं, राज्याने जुलै २०२२ मध्ये पेट्रोल पाच आणि डिझेल तीन रुपयांनी खाली आणलं. सिलिंडरही आधी दोनशेने, मग मार्च २०२४ मध्ये महिला दिनाला शंभरने उतरला. पण एकशेवीसची सवय झालेल्याला एकशेपाच स्वस्त वाटलं, यातच सगळं आलं. काळी-पिवळीचं वाढलेलं भाडं खाली आलेलं मी पाहिलं नाही, पाळण्याचं तिकीटही नाही.

या सगळ्यात आमच्या घरात एक गोष्ट मात्र बदलली. आपा लातूरला, अम्मी नांदेडला. आधी आपा महिन्यातून एकदा यायची. मग ते दोन महिन्यांवर गेलं, मग ईदपुरतं उरलं. आधी एसटीची सतरा टक्के भाडेवाढ, मग संप, दुल्हेभाईंचा मंदावलेला धंदा. अम्मी फोनवर म्हणायची, "तेल महंगा हुआ तो बेटियां दूर हो गयीं मां." मार्च २०२३ मध्ये एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. त्यावर पुष्कळ टीका झाली. रेवड्या वाटणं चाललंय, महामंडळ बुडेल, बायका उगाच हिंडत बसतील. मीही सरकारचा भाट नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा पंधरा टक्क्यांच्या आसपास भाडं वाढलं, तेही लक्षात आहे. पण अर्ध्या तिकिटानंतर दुसऱ्याच महिन्यात आपा आली, आणि पुढच्या महिन्यातही.

'बायका उगाच हिंडतात' म्हणणाऱ्यांना मला सांगायचंय, हिंडू द्या. कुणी आईला भेटायला निघालंय, कुणी दवाखान्यात, कुणी जत्रेला, कुणी नुसतंच मैत्रिणीकडे. नांदेड आणि लातूर आयुक्तालय कुणाकडे म्हणून वर्षानुवर्षं भांडतात. त्याऐवजी दोघांनी मिळून लोहा-अहमदपूरवरून थेट रेल्वेसाठी भांडावं. आज लातूरला रेल्वेने जायचं तर परभणी-परळीचा वळसा. तेलाचा भाव आपल्या हातात नाही, तो युद्धावर ठरतो आणि दिल्लीत ठरतो. पण गावापासून शाळेपर्यंत बस असणं, दोन शहरांमध्ये गाडी असणं हे आपल्या हातातलं आहे. परवा आपा निघाली तेव्हा मी तिला स्टँडवर सोडायला गेलो. बस बायकांनी भरलेली, बसायला जागा नाही. आपा दांड्याला धरून उभी राहिली आणि खिडकीतून हसून म्हणाली, "जा तू, तुला उशीर होईल. मी जाते उभ्याने. जायला तर मिळतंय."